न वाळणारं टेबल

बशीरभाईंनी फळीवर अंगठा टेकवला, उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. अंगठा चकचकत होता. फळीवर त्याचा ठसा उमटला होता, अगदी रेषेनरेषेसकट.

“परवाचं पॉलिश ना हे?” मी विचारलं.

“परवाचंच. काल दिवसभर उन्हात ठेवलं, तरी हे असं.” त्यांनी अंगठा पायजम्याला पुसला. “बाई, मी आयुष्यभर पॉलिश केलं. साग केला, शिसम केलं, आंबा केला. हे लाकूड नाही. हे भजं आहे.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर मन्मथआप्पा बसले होते. रोजच्यासारखे, मांडीवर पिशवी घेऊन.

“वाळंल की,” ते म्हणाले. “एवढी घाई कशाला करायलीस, माय?”

मी दात आवळले. घाई मला नव्हती, त्यांच्याच लेकीला होती. पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? मी बशीरभाईंना म्हटलं, “खरवडून काढा सगळं. पुन्हा पहिल्यापासून.” बशीरभाईंनी आढ्याकडे पाहिलं आणि खरवडायचा पत्रा उचलला.

लातूरला औशाच्या रस्त्यावर आमचं फर्निचरचं दुकान आहे, त्या काळात ते नुकतंच माझ्या हातात आलं होतं. आमच्या भागात लोक माळवदाची घरं उतरवून स्लॅबची बांधत होते, आणि दादा, म्हणजे माझे वडील, त्या घरांच्या तुळया नि खांब आणून त्यातून पलंग, कपाटं, देव्हारे घडवायचे. दादा गेल्यावर लोकांनी धरलं होतं की आता पांचाळांचं दुकान बंद होणार, पोरगी काय रंधा मारणार आहे थोडाच. मी मारला. जुन्या लाकडात खिळे असतात, चुना असतो, काजळी असते, वाळवीची पोखर असते. त्या सगळ्याशी मी भांडायला शिकले होते. पण तेलाशी गाठ पडली नव्हती.

मन्मथआप्पांचा लाकडी घाणा होता. चिंचेचं भलंमोठं खोड, मधे उखळासारखं कोरलेलं, निम्मं जमिनीत पुरलेलं. बैल गोल फिरायचा, त्याला जोडलेल्या आडव्या लाकडाच्या फळीवर आप्पा बसायचे आणि करडईचं तेल निघायचं. गावात मशिनी आल्या तसं गिऱ्हाईक तुटलं. बैल गेला, आप्पांची बायको गेली, घाणा मात्र अंगणात उभाच होता. एक दिवस त्यांची लेक महानंदाताई पुण्याहून आल्या. तिथे त्या बँकेत होत्या. दुकानात येऊन म्हणाल्या, “आप्पांचा घाणा काढलाय. त्याचं मला जेवणाचं टेबल करून हवंय. चांगलं, गुळगुळीत, पाहुण्यांनी विचारावं असं.”

मी विचारलं, “आप्पा तयार आहेत?”

“त्यांनीच माणसं लावून खणून काढला,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. “टेबल झालं की आप्पांनाही नेणार आहे. कायमचं. टेबल, आप्पा आणि आप्पांची ट्रंक, एकाच टेम्पोत.”

मी तेव्हा भारावून गेले होते, हे कबूल करते. घाण्याचं टेबल! लातुरात कुणी केलं नव्हतं. चिंचेचा गाभा तपकिरी, त्यात काळ्या रेघा. आरा मशीनवर खोड फाडून घेतलं तेव्हा फळ्या बघून मी मनातल्या मनात नाचले. त्यानंतर नाचायचं कारण काही मिळालं नाही.

तेल. पन्नास वर्षं पोटभर तेल प्यालेलं लाकूड. धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुतलं. भुशात पुरून ठेवलं. चुन्याची निवळी फासली. थिनरने पुसून काढलं, त्या वासाने माझं डोकं दुखलं आणि बशीरभाईंनी जेवण सोडलं. फळ्या चिकटवल्या तर सांधे सकाळपर्यंत सुटलेले. आणि विचित्र गोष्ट अशी की लाकूड एखाद्या दिवशी बरं दिसायचं. सकाळी हात फिरवला की कोरडं लागायचं, मी म्हणायचे, चला, आता सुटला प्रश्न. दुपारनंतर बघावं तर पुन्हा ओशट. “ऊन लागलं की आतलं तेल वर येतं,” असं मी बशीरभाईंना शहाणपणाने समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग आत किती डबे आहेत तेवढं सांगा.”

आणि त्यात आप्पा. सकाळी दुकान उघडलं की हजर. येताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणायचे, मी नि बशीरभाई ती मिटक्या मारत खायचो, त्यामुळे येऊ नका म्हणायची पंचाईत. स्टुलावर बसून बघत राहायचे आणि बोलत राहायचे. कोणत्या बैलाला किती गूळ लागायचा. कोणत्या गावची करडई तेलाला चांगली. महानंदा लहानपणी कुठेच झोपायची नाही, तिला घेऊन घाण्याच्या फळीवर बसलं की दुसऱ्या फेरीला डोळा लागायचा.

“तिची आई मनायची, पोरीला गरगर येतंय, खाली ठिवा. मी मनायचो, येऊ दे. उतरिवली की रडायची.”

“आप्पा, जरा पाय वर घ्या, भुसा झाडायचाय.”

“घेतो की. तवा तर तिच्या डोस्क्याला बी तेलाचा वास यायचा.”

मधेच उठून फळीवर तळहात फिरवायचे, घोड्याच्या पाठीवर फिरवावा तसा. मला वाटायचं, जीव अडकलाय म्हाताऱ्याचा, फिरवू दे. दुपारी जेवायच्या वेळी तेच म्हणायचे, “जावा तुमी. मी हाय की राखणीला.” मी वर घरी जायचे, बशीरभाई त्यांच्या गल्लीत. दुकान आप्पांवर सोडून जाता येतं एवढा एकच त्यांचा उपयोग, असं मी आईला म्हणायचे.

दर आठवड्याला महानंदाताईंचा फोन.

“झालं का हो?”

“वाळलं नाही अजून.”

“आप्पांची खोली रंगवून घेतलीय मी. फिक्का हिरवा दिलाय, त्यांच्या डोळ्यांना बरा. टेम्पोवाल्याला काय सांगू?”

“थांबायला सांगा.”

“किती?”

ते मला ठाऊक असतं तर मी तोंड लपवत का फिरले असते? बाजारात लोक विचारायला लागले होते. समोरच्या प्लायवूडवाल्याने तर एकदा हसत हसत म्हटलं, “बाई, टेबल करताय का लोणचं घालताय?” मी वरकरणी हसले आणि घरी येऊन कढईवर राग काढला. दुकान माझ्या नावाने चालतंय की दादांच्या पुण्याईने, हे लोकांना अजून ठरवायचं होतं, आणि मी सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर एका टेबलापुढे हात टेकत होते.

शुक्रवार होता. बशीरभाई नमाजला गेले होते. मी जेवायला वर गेले, ताट वाढून घेतलं आणि आठवलं की आरा मशीनवाल्याला द्यायचं माप गल्ल्यावरच राहिलंय, आणि त्याचा माणूस येऊन खाली उभा असेल. तशीच मागच्या जिन्याने उतरले.

आप्पा स्टुलावर नव्हते. माझ्या फळ्या भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केल्या होत्या, त्यांच्यामागे ते उकिडवे बसले होते. पिशवीतली बाटली पायाशी होती. त्यांनी तळहातावर तेल ओतलं, दोन्ही तळहात एकमेकांवर घासले आणि फळीच्या मागच्या अंगाला वरून खालपर्यंत चोळायला लागले. सावकाश, कडेपर्यंत, आंघोळीआधी लेकराला चोळतात तसं.

मी तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढून सोडा गेला, चुना गेला, थिनर गेला, बशीरभाईंचा अंगठा गेला.

“आप्पा.”

त्यांनी मान वळवली. दचकले नाहीत, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

“थांब माय, एवढी कड ऱ्हायली.”

“काय करताय तुम्ही?”

“कोरडं पडायलंय गं. कोरडं पडलं की तडकतंय.”

“तडकू द्या!” मी ओरडले. बाहेर आरा मशीनचा माणूस उभा होता तो दोन पावलं मागे सरकला. “मी महिनोन्‌महिने ते तेल काढतेय आप्पा. रक्त आटवून काढतेय. आणि तुम्ही रोज—रोज करता हे?”

“रोजच की.”

“रोज! आणि मी म्हणतेय ऊन लागलं की वर येतं!”

त्यांनी बाटलीला बूच लावलं. हात पुसायला फडकं शोधलं, मिळालं नाही, तेव्हा डोक्याच्या उरल्यासुरल्या केसांना पुसले. माझा राग काही थांबेना. मी म्हटलं, “माझं गावात हसं झालंय. बशीरभाई काम सोडायच्या गोष्टी करतात. तुमची लेक तिकडे खोली रंगवून बसलीय. तडकतंय म्हणून लावता, असं मला सांगू नका. तुम्हाला पुण्याला जायचंच नाही.”

आप्पा उठले, गुडघे धरून स्टुलापर्यंत आले आणि बसले.

“जायचं न्हाई आसं कुठं मनलो मी?”

“मग?”

“टेबल झालं की टेम्पो यायलाय. न्हाई झालं की येत न्हाई.” जरा थांबून म्हणाले, “तिथं मी काय करू माय? चौथ्या मजल्यावर. सकाळी उठून कशाला हात लावू?”

“मग तिला तसं सांगा ना. घाणा कशाला खणून काढलात? कुणी सांगितलं होतं?”

“तिला टेबल पायजे हुतं.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कसं कळत नाही. “लेकीनं जन्मात पयल्यांदा काय तर मागितलं. लग्नात बी काय मागितली न्हाई. आन् मागितलं तर काय, माझा घाणा. न्हाई कसं मनू?”

मी फोन उचलला. विचार वगैरे काही केला नाही, राग होता तसाच उचलला. महानंदाताई बँकेत होत्या, मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

“ताई, हे टेबल होणार नाही. तुमचं लाकूड घेऊन जा.”

मला वाटलं, आता त्या चिडतील. पलीकडचा गलका मागे पडला, त्या बाजूला गेल्या असाव्यात. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “नाही झालं तरी चालेल हो. पण आप्पांना सांगू नका.”

“चालेल?”

“माझ्याकडे टेबल आहे. काचेचं. दुसरं ठेवायला जागासुद्धा नाही.”

मी रिसीव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत लावला.

“मग मागितलंत कशाला?”

“किती वर्षं बोलावतेय मी त्यांना. दरवेळी एकच उत्तर, घाणा टाकून कसा येऊ. शेवटी मला वाटलं, घाणाच इकडे आणला तर येतील. लाकूड म्हणून कसा आणणार? म्हणून टेबल म्हटलं. त्यांनी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. मला केवढा आनंद झाला होता.” मग एकदम विचारलं, “ते बरे आहेत ना? जेवतात का?”

“चटणी चांगली करतात,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आप्पा माझ्याकडे बघत होते. बाप लेकीसाठी घाणा मोडून बसला होता, लेक बापासाठी नको असलेलं टेबल मागून बसली होती, आणि दोघांच्या मधे मी, हातात थिनरची बाटली घेऊन. इतका वैताग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. दोघांनाही मानगुटीला धरून एका जागी बसवावं आणि म्हणावं, आता बोला एकमेकांशी, असं वाटलं. बोलायचं नसेल तर नुसते बसा.

“आप्पा,” मी म्हटलं, “ती फळी कुठाय?”

“कंची?”

“तुमची बसायची.”

ती दुकानामागे पत्र्याखाली पडली होती. खोडाबरोबर आली होती आणि मधोमध झिजून खोलगट झालेली, म्हणून मी ती जळणात टाकली होती. बाभळीची, लांबरुंद. मी ती आत आणली. आप्पांनी पिशवी छातीशी धरली. त्यांना वाटलं असावं, मी रागाच्या भरात ती फोडणार.

“उद्यापासून दुपारी राखण बंद,” मी म्हटलं. “घरी जेवायचं आणि मग यायचं. बाटली घेऊन यायचं, पण करडई नको. जवसाचं तेल आणा. ते लाकडात मुरून वाळतं.”

बशीरभाईंना मी सांगितलं की पॉलिश होणार नाही. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे उचलले. मग त्यांना कळलं की पॉलिश होणारच नाही, म्हणजे त्यांचं काहीच काम नाही, तेव्हा जरा हिरमुसले. घाण्याच्या खोडाच्या फळ्यांतून मी पाय, पाठ आणि दोन्हीकडचे हात काढले. काही चिकटवलं नाही. खाचा पाडल्या, बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, सांधा इतका घट्ट बसवला की पोस्टकार्डसुद्धा शिरू नये. आप्पांची फळी होती तशी बैठकीला ठेवली, खोलगटपणासकट. तिच्या शेजारी आणखी एक फळी जोडली, कोरी, सपाट. दोन माणसांचा बाक. रंध्याने मी तो आरशासारखा गुळगुळीत केला आणि पॉलिशचा थेंब लावला नाही. दादा असते तर म्हणाले असते, अर्धवट काम गिऱ्हाइकाला देतेस? माझाही जीव तुटत होता. असं लाकूड आणि वर चमक नाही. रोज संध्याकाळी आप्पा त्याला जवसाचं तेल चोळायचे, आता माझ्यासमोर.

‘या, झालंय,’ एवढंच मी फोनवर कळवलं होतं. टेम्पो आला त्या दिवशी महानंदाताई मोतिया रंगाच्या साडीत आल्या होत्या. दुकानात पाऊल टाकलं आणि टेबल शोधायला लागल्या. मग बाक दिसला. त्यांना ती फळी ओळखायला वेळ लागला नाही. पुढे येऊन त्यांनी खोलगट भागावर हात ठेवला आणि बाजूच्या सपाट फळीवर बसल्या, एकदम, खाली न बघता.

“उठ उठ,” आप्पा म्हणाले. “तेल हाय वलं. साडी जाईल.”

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. मग लहान मुलीसारखं म्हणाल्या, “आप्पा, बसा की.”

आप्पा आपल्या जागी बसले. दोघं नुसते बसून राहिले. मी फडकं घेऊन उगाचच रंधा पुसत राहिले, कारण माझं तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

मग मी घसा साफ केला आणि दुकानदाराच्या आवाजात म्हणाले, “ताई, एक गोष्ट आधीच सांगते, नंतर तक्रार नको. याला पॉलिश नाही. आठवड्यातून एकदा तेल चोळावं लागेल, कडेपर्यंत, हाताने. नाही केलं तर तडकेल. मी जबाबदार नाही.”

महानंदाताई घाबरल्या. “मला कुठं जमतंय? बँकेतून यायला दिवेलागण होते.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर त्या लाकडाशी राहिलेला माणूस, त्याला कळलं नसेल असं होणार नाही. पन्नास वर्षं तेल प्यालेली चिंच मी तर काय, माझी नातवंडंही तडकलेली बघणार नव्हती. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं.

“हिला न्हाई जमायचं,” ते मला म्हणाले. “हिला लहानपनापून धीर न्हाई. ऱ्हावं लागंल मला.” आणि लेकीला म्हणाले, “जवस मिळती का गं तिकडं?”

टेम्पोत बाक चढला, ट्रंक चढली, आप्पा पुढे बसले. महानंदाताईंच्या साडीवर मागे मोठा पिवळा डाग पडला होता. टेम्पो निघेपर्यंत त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी वळून बघितलं नाही.

आप्पा पुण्यात बरीच वर्षं राहिले. मधूनमधून त्यांचा फोन यायचा, बाकाबद्दल. लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही म्हणून तक्रार करायचे, मग खालच्या मजल्यावरच्या एका म्हातारबुवांच्या खुर्चीलाही तेल लावून देतो म्हणून सांगायचे. ते गेल्याचं मला महानंदाताईंनी कळवलं होतं. त्यानंतर मागच्या थंडीत पुन्हा त्यांचा फोन आला.

“बाक कोरडा पडायला लागलाय,” त्या म्हणाल्या. “मी लावलं तर चालेल ना तेल? किती वेळा लावू?”

त्या लाकडाला कुणी तेल लावायची काही गरज नव्हती. तेवढं एक वाक्य मी सांगितलं असतं तर त्यांचा रविवार वाचला असता.

“आठवड्यातून एकदा,” मी म्हटलं. “कापडाने लावा, म्हणजे हात खराब होणार नाहीत.”

“आप्पा हातानंच लावायचे.”

“ठाऊक आहे ना?” मी म्हटलं, जरा चिडूनच. “मग विचारता कशाला?”